राघोदादाचा पिवळा बोया

मी, मृणाल वसंत रेगे, वय ५३, अविवाहित, राहणार बाळकुम, ठाणे, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहिते. दडपण आहे ते फक्त सोसायटीचे सेक्रेटरी कमलेश यांच्या नोटिशीचं: "बाल्कनीत डायव्हिंगचा सूट वाळत घालू नये. माणूस लटकल्यासारखा वाटतो." सूट तीन दिवस लटकत होता. दार वाजवून कुणी खात्री केली नाही, याची नोंद असावी.

१. तो सूट कमलेश यांना.

२. फ्लॅट भाची ऐश्वर्याला. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ विनीत, याला काही नाही. अडतिसाव्या वर्षी मी विमा कंपनी सोडून पाण्याखालचे फोटो काढायला शिकले, तेव्हा तो डोंबिवलीहून खास येऊन म्हणाला होता, "अगं, मासे खायचे असतात. फोटो कसले काढतेस?"

३. कॅमेरे आणि चाळीस हजार फोटो खाडीचा अभ्यास करणाऱ्या कॉलेजला. त्यात माणूस शोधू नये, सापडणार नाही. पाण्यात जोडीदाराशिवाय उतरायचं नाही असा नियम आहे. मी तो प्रत्येक वेळी पैसे मोजून पाळला.

४. कोलशेतच्या राघोदादांच्या होडीतून मी पहिल्यांदा खाडीत उतरले. पुढे एका मालवाहू बार्जच्या पंख्यानं त्यांचं जाळं कापलं, तेव्हा ते शोधायला त्यांनी मलाच बोलावलं. जाळ्यात जिताडा मासा मरून पडला होता. मी फोटो काढला. मग कापलेले दोर फोटोच्या चौकटीतून छाटले, राघोदादांची खूण असलेला जाळ्याचा तरंगता पिवळा बोया तेवढा ठेवला, आणि खाली लिहिलं, 'मच्छीमाराची बेपर्वाई'. बक्षीस मिळालं. राघोदादा प्रदर्शनाला आले होते. म्हणाले, "बाय, जालं माजंच हाय. पन कापलं कोनी, ते नाय दाखवलंस." सहा वर्षं झाली, बोललेले नाहीत. तेव्हापासून माझ्याकडेच राहिलेला तो बोया आणि पूर्ण फोटो माझ्या पश्चात त्यांना द्यावा. (खोडले. — मृ.)

साक्षीदार दोन लागतात. एक वकिलांनी त्यांच्याच ऑफिसातली दिली. दुसरं नाव मला अकरा दिवस सुचेना. सुचलं ते एकच. वकील म्हणाले, "मॅडम, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका. ते बाद होतं."

म्हणून कलम ४ मधली शेवटची ओळ खोडली आहे. पूर्ण फोटो प्रदर्शनवाल्यांना पाठवला, सोबत त्यांनी दिलेलं सन्मानचिन्हही परत. दुसरी प्रत आणि बोया घेऊन आज सकाळी कोलशेतला गेले. "चुकलं," म्हटलं. साक्षीदार व्हाल का, तेही विचारलं. फोटोतल्या कापलेल्या दोरांवरून राघोदादांनी अंगठा फिरवला, बराच वेळ. मग विचारलं, "सही कुटं करू?"

ठाणे, ९ फेब्रुवारी २०२५
मृणाल वसंत रेगे

साक्षीदार:
१. सरोज पाटणकर, वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट
२. राघो धोंडिबा कोळी, कोलशेत