न्हाणीतले बेडूक

सोलापूर, २ ऑगस्ट १९३१

चि. अंबूस ताईचे आशीर्वाद.

मी ठीक आहे. घरामागच्या बाभुळबनात पावसाचे तळे साठते ना, त्यात डास मारायला आलेल्या शहाण्यांनी रॉकेल ओतले. बेडकांची अंडी गेली आणि वाचलेले बेडूक माझ्या न्हाणीत आले. तीस वर्षे शाळेत शिकवले, पण या शहाण्यांइतके ढ कधी पाहिले नाहीत!

आज सकाळी धुणेवाली निंगव्वा न्हाणीतून ओरडतच बाहेर आली. "बाई, बेडकं हितं आल्यावर नाग तितं कशाला ऱ्हाईल?"

न्हाणीचे दार लावून घेतले आहे. खाली चार बोटे फट आहे. गारुडी उद्या येईल म्हणतो.

तू काळजी करू नकोस. तुझा खोकला थांबला का?

अक्षर वाकडे आले आहे, ते पाय खाटेवर घेऊन लिहिल्यामुळे. हात कापतो म्हणून नव्हे.

तुझी,
ताई