पोरगा येतोच आहे

१२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

त्सुनामीच्या लाटेनंतर अकरा वर्षांनी काल आपलं शहर पाहिलं. गाइडबाईच्या लाल छत्रीमागं आम्ही बत्तीसजण बदकांसारखे! समुद्राला एवढी उंच भिंत घातलीय, की तो बघायला तिकीट काढून मनोऱ्यावर चढावं लागतं. तुझे मेहुणे खूश. बाजार जुन्यासारखाच बांधलाय, टोपल्यांची गल्ली, जाळ्यांची गल्ली. फक्त वर काचेचं छप्पर, आणि वास कसलाच नाही.

बाबांच्या टोपल्यांच्या दुकानाच्या जागी सरबतवाला बसतो. शेजारची दोरवाली मावशी मात्र आहे. मला बघून रडलीच. तू सांगितलं होतंस, बाबा दुकान सोडायला तयार होईनात. मावशी म्हणाली, ते शटर ओढून, पिशवी मांडीवर घेऊन फुटपाथवर स्टुलावर बसले होते. ती त्यांना हाताला धरून उठवत होती. ते म्हणाले, पोरगा आईला टेकडीवर सोडून येतोच आहे; मी इथं दिसलो नाही तर शोधत बसेल.

दादा, खरं काय ते लिही. आणि आईला तूच सांग.

लोभाचं, तुझं उत्तर आल्यावर बघू.

बेबी


१८ मार्च

चि. बेबीस,
अ. आ.

मावशी खरं बोलली. स्कूटर घेऊन मी पुलापर्यंत आलो होतो. खाडीतलं पाणी पार ओसरलेलं दिसलं, म्हणजे लाट येणारच. परत फिरलो. टेकडीवर आईनं विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, ते येत नाही म्हणाले. एकदा बोललो ते बोललो.

आईला मात्र नको सांगूस. या वयात तिला झेपायचं नाही.

लोभ असू दे असं लिहायला हात धजत नाही.

दादा


२० मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दादाच्या शर्टाच्या खिशात सापडलं, कपडे भिजवताना. त्याला अजून काही बोलले नाही. सकाळी डबाही भरून दिला. शनिवारी मला न्यायला ये. दोन पिशव्यांत मावेल एवढंच सामान आहे.

वाटेतूनच परत फिरला असेल, त्याचा मला राग नाही. जीव कुणाला नको असतो? पण मी त्यांना दुकानवेडा म्हणत आले, बायकोपेक्षा टोपल्या प्याऱ्या म्हणत आले, आणि हा समोर बसून जेवत होता. माझ्या नवऱ्याला यानं अकरा वर्षं माझ्याच तोंडून शिव्या घालायला लावल्या.

आई