अम्मा, शेगडी वाढवा

मानवत,
गुरुवार, दुपार

श्री. ईश्वरअप्पा भावजी यांस मानवतहून तुमच्या वहिनीचे शरणार्थ, आणि त्यातच दडवून थोडे आशीर्वाद. (चिरंजीव लिहावं तर तुम्ही साठी ओलांडलेली, तीर्थरूप लिहावं तर तुम्ही यांच्याहून धाकटे. हैदराबादच्या शाळेत सिस्टर रोझलिननी आम्हाला पत्रांचे सगळे मायने घोटून घेतले, पण इंग्रजीत दिराला मायनाच नाही, त्यामुळे तेवढं माझं कच्चं राहिलं.)

तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंनी आणलेलं तेल चोळता की ते कपाटात ठेवून नुसता त्याच्यावर विश्वास टाकता? इकडे थंडी पडायला लागली आहे. यांचा खोकला सकाळी वर्तमानपत्राबरोबर येतो आणि वर्तमानपत्र संपलं की जातो. अम्मांची प्रकृती उत्तम आहे. (हे वाक्य मी मुद्दाम इथे वरच घातलं आहे. कृपया दोनदा वाचावं.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, हे खरं कारण. मी 'शेगडी' म्हणते, लगेच तुम्ही 'राख काढली का' म्हणता. शिवाय अम्मांना ऐकू यावं म्हणून आपला फोन मोठ्या आवाजात लावलेला असतो, आणि आज जे सांगायचं आहे ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही. कागदाला मात्र मध्येच बोलता येत नाही. तेव्हा चहा घेऊन बसा.

दिवाळीत तुम्ही शेगडी घेऊन आलात तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. अम्मांना गॅसवरची भाकरी चालत नाही, डॉक्टरांना चुलीचा धूर चालत नाही, आणि या दोघांच्या मध्ये माझी रोज कणीक तिंबली जात होती. तुम्ही जन्मभर साखर कारखान्यांचे बॉयलर सांभाळलेले, त्यामुळे तुम्हालाच सुचलं की कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भुसा दाबून केलेल्या त्या खडूएवढ्या कांड्या घालायच्या, खालून छोट्या पंख्याने हवा द्यायची, की खरा जाळ मिळतो आणि धूर नाही. पहिल्या दिवशी त्यावर भाकरी अशी टम्म फुगली की अम्मांनी तिला हात लावायच्या आधी कपाळाला विभूती लावली. (भाकरीच्या नव्हे, शेगडीच्या.)

आणि मग ती बंद पडायला लागली. छान पेटायची, डाळीला आधण यायचं, आणि नेमकं मी "वाढवा" म्हटलं की काही वेळात थंड. मी माजघरात भाजी निवडत असायची, अम्मा शेगडीजवळ त्यांच्या पाटावर. मी धावत जाऊन विचारायची, काय झालं? अम्मा शांतपणे म्हणायच्या, "वाढवली की." आणि बघावं तर फिरवायचं बटण शून्यावर. मी तुम्हाला तसंच कळवलं: वाढवली की बंद पडते. त्यावर तुमचा आवाज इतका खुलला, भावजी, की तुम्हाला नोकरीवर परत बोलावल्यासारखं वाटलं. तुम्ही म्हणालात, हा दोष नाहीच, ही त्या शेगडीची हुशारी आहे. हवा जास्त झाली, धोका वाटला, की ती आपली आपण शून्यावर येते. मला त्या शेगडीबद्दल आदर वाटला. आमच्या घरात धोका ओळखून आपणहून शून्यावर येणारं तोवर एकटे हेच होते.

तुमचे सगळे उपाय आम्ही केले. आतल्या लोखंडी वाटीची भोकं मी दाभणाने एकेक मोकळी केली. कांड्यांना ओल लागली असेल म्हणालात म्हणून त्या गच्चीवर कुरडयांसारख्या वाळत घातल्या. (शेजारच्या पार्वतीबाईंनी कुरडया समजून एक उचलली आणि चावली. त्यावर नंतर त्या बोलल्या नाहीत, पण यंदा रंग बिघडलाय म्हणाल्या.) यांनी सोबतचं माहितीपुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं, त्यातलं मराठी कुणी यंत्राने केलेलं असावं, कारण 'ज्योत तृप्त झाल्यावर गृहिणीने मागे हटावे' असं एक वाक्य होतं आणि हे ते दिवसभर मला ऐकवत राहिले. पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणारे किशनराव येऊन गेले. त्यांनी पंखा खोलला, फुंकला, पुन्हा लावला, "लाइटच डाऊन हाय, ताई, शेगडी काय करंल बिचारी," असं म्हणाले आणि त्याच शेगडीवरचा चहा पिऊन गेले. तेव्हा ती मुळीच बंद पडली नाही, कारण तेव्हा कुणी तिला वाढवा म्हणालं नव्हतं. पण हे मला तेव्हा कुठलं कळायला?

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर जे म्हणालात त्याने मात्र माझी झोप उडाली. शेगडी भरवशाची नाही, चूल पेटवू देता येत नाही, अम्मांची छाती नाजूक, तेव्हा अमावास्या झाली की येतो आणि अम्माला कायमची पुण्याला घेऊन जातो, असं तुम्ही म्हणालात. तुमची माया मला कळते, भावजी. तुमचा फ्लॅट छान आहे, नळाने गॅस येतो, लिफ्ट आहे. अम्मा फोनपाशी बसून सगळं ऐकत होत्या. नुसत्या उठल्या आणि परसातल्या गवती चहाला पाणी घालून आल्या. ते सकाळीच घातलं होतं. आणि मी विचार करत बसले की मुली पुण्या-नाशकात, हे वर्तमानपत्रात, मग दिवसभर मी बोलायचं कुणाशी?

म्हणून सोमवारी मी ठरवलं की भाजी निवडायला माजघरात बसायचं नाही, शेगडीसमोरच बसायचं आणि ती शून्यावर कशी येते ते डोळ्यांनी बघायचं. पण तेवढ्यात पार्वतीबाई आल्या. त्यांना ओसरीवर बसवलं आणि सवयीने आत हाक दिली, "अम्मा, शेगडी जरा वाढवा, पार्वतीबाई आल्यात!"

आत काही हालचाल नाही. मग अम्मा स्वतः ओसरीवर आल्या. पदर सावरला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला एकदम नवी नवरी झाल्यासारखं वाटलं.

"दारात पाव्हणी आली, आन तू शेगडी वाढवायला सांगायलीस?"

मी म्हटलं, चहा टाकायचाय ना, म्हणून.

"वाढवल्यावर च्या कशावर टाकतीस, डोंबलावर? आजवर बोलले न्हाई. डाळ अर्धी शिजली की वाढवा, भात बोटचेपा असला की वाढवा. म्हनलं, असंल हिच्या कॉन्व्हेंटातली रीत. पर पाव्हण्यासमोर? आमच्या घरात असं कवा झालं न्हाई."

पार्वतीबाई चपला शोधायला लागल्या. मी मात्र तिथेच खांबाला धरून बसले आणि हसायला लागले. इतकी की अम्मांनी पार्वतीबाईंना पाणी आणायला पिटाळलं.

तुमच्या ध्यानात आलं ना, भावजी? देवापुढचा दिवा आपण विझवत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. आणि तुमचे अप्पा रात्री दुकान बंद करायचे का कधी? वाढवायचेच. ज्या घरात जाळाला 'बंद' म्हणणं अशुभ, त्या घरात मी दिवाळीपासून रोज अम्मांना शेगडी बंद करायला सांगत होते, आणि त्या बिचाऱ्या, अर्धकच्च्या डाळीकडे बघत, सुनेचा शब्द पाळत होत्या. तुमची हुशार शेगडी कधीच आपली आपण शून्यावर आली नाही.

आणि हे मला कळायला नको होतं का? लग्नानंतरच्या पहिल्याच पत्रात मी बाबांना हैदराबादला अभिमानाने कळवलं होतं की सासरे रोज दुकान वाढवतात. बाबा आनंदाने मिठाईचा पुडा घेऊन मानवतला आले, आणि आपलं ते बोळातलं, एका माणसाला वळायला जड जाणारं दुकान बघून रोज वाढून एवढंच कसं, असं त्यांनी अप्पांना विचारलं. अप्पा इतके हसले की गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ गेलं. तेव्हा अम्मांनी मला जवळ घेऊन हे सगळे शब्द शिकवले होते, बांगडी हातात धरून. चाळीस वर्षांत ही भाषा माझी झाली असं मी समजत होते. पण गॅस आला, त्याच्यावर 'मोठा' आणि 'बारीक' आलं, आणि ती कुठे गळून पडली ते कळलंही नाही.

तेव्हा माझी हात जोडून विनंती ही की यातून अम्मांची स्मरणशक्ती गेली असा अर्थ तुम्ही काढू नये. त्यांना सगळं आठवतं. विसरले ते मी. शेगडी ठणठणीत आहे, धूर नाही, छाती उत्तम. सोमवारपासून आम्ही 'मोठी करा' म्हणतो आणि पहिल्यांदाच डाळ नीट शिजते आहे. तुमच्या देणगीचा मान राहिला. म्हणून अम्मांना न्यायचं कारण उरत नाही, असं मला नम्रपणे वाटतं.

जाऊबाईंना आठवण. गुडघ्यावर तेल कपाटातून काम करत नाही, हे लक्षात असू द्यावं.

तुमची वहिनी,
त्रिवेणी

ता.क. पाकिटात घालता घालता हे लिहिते. आज सकाळी मी स्वच्छ 'मोठी करा' म्हटलं आणि शेगडी बंद पडली.

ता.क. दुसरा. अम्मांना विचारलं. त्या जराही न शरमता म्हणाल्या, "मीच वाढवली. तू शाळेतल्या त्या सिस्टरची गोष्ट सांगायलीस, आन ह्या पंख्याची नुसती घरघर. कायबी ऐकू येईना. डाळ काय, उद्या बी शिजंल." मग आम्ही गोष्ट पुरी केली आणि डाळ गॅसवर शिजवली. भाकरीचं विचारलं तर म्हणाल्या, "तू बोलत बसणार असशील तर गॅसवरची बी चालंल." हे त्या दिवाळीच्या आधी का बोलल्या नाहीत, ते मी विचारलं नाही.

ता.क. तिसरा, आणि मुद्द्याचा. अमावास्येनंतर तुम्ही जरूर या. गाडीची मागची सीट मोकळी ठेवा. अम्मांचं काहीही बांधलेलं नाही. शेगडी मात्र मी कांड्यांच्या पोत्यासकट बांधून ओसरीवर ठेवली आहे.