माळावरचं जेट आणि नवसूचा बांध

मी, दामोदर कोंडू हरड, वय वर्षे एकसष्ट, निवृत्त चित्रकला व कार्यानुभव शिक्षक, राहणार वैशाखरे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. अक्षर हललेलं दिसेल. मुरबाडच्या डॉक्टरांनी त्याला कंपवात असं नाव दिलं आहे. हात थरथरतात, डोकं थरथरत नाही, हे त्यांच्याकडून लिहून घेऊन सोबत जोडलं आहे, कारण माझ्या भावकीला मी ओळखतो. मी कोणाच्याही दडपणाखाली नाही. घरातलेच लोक माझ्या दडपणाखाली आहेत, असं माझी पत्नी म्हणते. ते तिचं मत आहे.

यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. आम्हाला मूलबाळ नाही. 'मूल नाही म्हणून मास्तर खेळण्यातल्या विमानाशी खेळतात,' असं गावात गेली पंधरा वर्षं बोललं गेलं. बोलणाऱ्यांना हे शेवटचं सांगतो. अडीच मीटर लांबीचं, रॉकेलवर चालणारं, खऱ्या जेटच्या इंजिनासारखंच इंजिन पोटात असलेलं आणि हातातल्या रिमोटवर आकाशात गिरक्या घेणारं विमान हे खेळणं नव्हे. खेळणं असेल तर एकदा खेळून दाखवावं.

कलम १. राहतं घर, परसातली दोन आंब्याची झाडं आणि विहिरीतला माझा हिस्सा माझी पत्नी सकुबाई हिला. घराची पडवी मी कारखान्यासारखी वापरली आणि ती रॉकेल, फायबरची राळ आणि रंग यांच्या वासात भाकऱ्या भाजत राहिली. तिने तक्रार केली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. रोज केली. पण पंखावर कागद ताणून बसवताना चार हात लागायचे, तेव्हा पिठाचे हात धुऊन तीच यायची. माझ्यानंतर पडवी रिकामी करून घ्यायची की नाही हे तिने ठरवायचं. माझा भाऊ नवसू याने ठरवायचं नाही.

कलम २. पोस्टातलं आणि पतपेढीतलं जे काही असेल ते सकुबाईलाच. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ३. माझी सुतारकामाची हत्यारं चांगो सुताराला द्यावीत. अट एकच: माझी अर्ध्या इंचाची पटाशी त्याच्याकडे आहे, ती त्याने आधी आणून दाखवावी. 'मास्तर, ती तुमीच मला दिलीव,' असं तो म्हणेल. दिली होती, गणपतीपुरती. मुंबईहून हलकं बाल्सा लाकूड मिळेना तेव्हा याच चांगोने मला पांगाऱ्याच्या फळ्या पातळ करून दिल्या, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच हत्यारं त्याला. पटाशीही मी विसरलेलो नाही.

कलम ४. मुंबईच्या विमानवाल्या मंडळींना काहीही देऊ नये. १९९४ साली ही मंडळी मोटारी भरून आमच्या माळावर आली, कारण मुंबईत त्यांना मोकळं आकाश उरलं नव्हतं. त्यांचं पहिलं विमान माझ्या नाचणीत पडलं. मी ते उचलून नेऊन दिलं आणि तिथेच मला हे वेड लागलं. पुढे आठ वर्षं त्यांनी माझा माळ वापरला, सकुबाईच्या हातचं जेवले, आणि मी स्वतः बांधलेलं विमान उडवायला लागलो तरी आपापसांत माझा उल्लेख 'जागेवाला' असाच करत राहिले. एका स्पर्धेत माझ्या विमानाचा फोटो छापून आला, त्याखाली नाव दुसऱ्याचं. विचारलं तर म्हणाले, 'मास्तर, चुकून झालं हो.' त्यांच्यातल्या एका दाताच्या डॉक्टरने मात्र परदेशी जाताना आपलं जुनं जेट इंजिन माझ्या हवाली केलं आणि म्हणाला, 'हे तुमच्याकडेच शोभेल.' तेवढ्या एका माणसाला कळवावं की मी गेलो.

कलम ५. रेशनच्या रॉकेलबद्दल. हे कलम देण्याघेण्याचं नाही, पण कुठेतरी लिहायलाच हवं. मी गोरगरिबांचं रेशनचं रॉकेल आभाळात उधळतो, असा अर्ज कोणीतरी तहसीलदार कचेरीत केला होता. मी रेशनचं रॉकेल एक थेंबही वापरलेलं नाही. कल्याणहून खुल्या बाजारातलं आणत आलो. एसटीवाला ते डबे चढवू देत नसे म्हणून टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून आणत आलो. अर्ज कोणी केला ते मला ठाऊक आहे. त्याचं अक्षर मीच त्याला सातवीत शिकवलं होतं. नाव लिहीत नाही, कारण त्याच्या मुलीचं लग्न ठरतं आहे.

कलम ६. आता नवसूबद्दल. नवसू कोंडू हरड हा माझा सख्खा धाकटा भाऊ.

२००४ सालचा दसरा. दाताच्या डॉक्टरने दिलेल्या इंजिनावर मी दोन वर्षं खपून पहिलं जेट उभं केलं होतं, आणि सगळ्या गावाला माळावर बोलावलं होतं. टोकावड्याहून माझे जुने विद्यार्थी आले होते. आमच्याकडे दसऱ्याला नवं बांधतात: नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल यांची जुडी दाराला, कणगीला, नांगराला, आणि आता मोटारसायकलीलासुद्धा. मला ते मान्य आहे. माझ्या घराच्या दारालाही दरवर्षी असतं. जेटला मी हळदकुंकू लावू दिलं. पंखावर झेंडूसुद्धा ठेवू दिला, उडवण्याआधी काढायच्या बोलीवर. हवा आत ओढणारी जी तोंडं असतात, त्यांच्या जवळ हात न्यायचा नाही, हे सगळ्यांना मोठ्याने तीनदा सांगितलं होतं. मी स्वतः बॅटरी मारून दोन्ही तोंडं तपासली होती.

मी रिमोट आणायला विद्यार्थ्यांच्या जीपपर्यंत गेलो तेवढ्यात नवसूने तोंडाची जाळी सारली आणि नव्याची जुडी आत खोल सरकवली. का? तर विमानाचं अंग गुळगुळीत, बांधायला जागा नाही, आणि उडताना खाली पडू नये म्हणून.

इंजिन सुरू झालं, चांगलं वाजलं. विमान माळावरून धावलं आणि जमीन सुटली. सगळे ओरडले. मी पूर्ण जोर दिला, आणि त्याच क्षणी शेपटीतून जाळ आला. आवाज थांबला. ते खाली आलं ते थेट कातळावर. दोन वर्षांचं काम, आणि त्याला लागलेले माझे-सकुबाईचे चार हात. मी पळत गेलो. फुटलेल्या इंजिनात अर्धवट जळालेल्या लोंब्या होत्या. त्या हातात घेऊन मी नवसूसमोर धरल्या. आणि या माणसाने काय केलं? त्या लोंब्यांना हात जोडले, आणि जमलेल्या मंडळींना म्हणाला,

'बघा, नवं होतं म्हनून मानसांच्या अंगावर नाय पडलं.'

गावाने माना डोलावल्या! शिकलेसवरलेले माझे विद्यार्थीसुद्धा! त्या दिवसापासून आजपर्यंत त्याच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द निघालेला नाही. मीही त्याच्याशी बोललेलो नाही. मला वाईट विमानाचं वाटलं त्याच्या दुप्पट त्या वाक्याचं वाटलं, आणि ते अजून वाटतं. हे मी शुद्धीवर राहून लिहितो आहे.

कलम ७. वरकस माळ. वडिलांनी हा माळ आम्हा दोघांत आडवा वाटून दिला: घाटाकडची बाजू माझी, गावाकडची नवसूची. तिथे नाचणीसुद्धा धड पिकत नाही. पण सपाट कातळ, समोर आडवं काही नाही, आणि वारा माळशेजकडून सरळ येतो. धावपट्टीला दोन्ही वाटे लागतात. तीस वर्षं मधली हद्द कोणाला माहीतसुद्धा नव्हती. दसऱ्याच्या त्या भांडणानंतर नवसूने बरोबर हद्दीवर कमरेएवढा दगडी बांध घातला. स्वतःच्या हातांनी, एकेक दगड. बांधात त्याचं काहीही पिकत नाही, अडतं फक्त माझं. आता तो आपला वाटा फार्महाऊसवाल्या पार्टीला दाखवतो आहे असं ऐकतो. पार्टी येऊन समोरचा घाट बघून 'व्ह्यू छान आहे' म्हणून गेली.

माझा वाटा मी नवसूची मुलगी दामिनी हिला देत आहे. त्याचा वाटा देणं माझ्या हातात नाही. नुसत्या माझ्या वाट्यावर जेट धावेल आणि बांधावर आपटेल, हे मला कळतं. तरी देतो.

कलम ८. पडवीत ताडपत्रीखाली जे दुसरं जेट आहे, ते इंजिन, रिमोट, चार्जर आणि अग्निशामक नळकांड्यासकट दामिनीला. इंजिन जुनंच, फुटलेले भाग नव्याने आणून बसवले आहेत. हे विमान पुरं होऊन वर्ष झालं. अजून जमिनीवरून उठलेलं नाही. एक तर बांध, आणि दुसरं म्हणजे माझे हात. रिमोटवरच्या ज्या काडीला केसभर हलवायचं तिला मी बोटभर हलवीन, आणि ते दुसऱ्यांदा कातळावर जाईल, या वेळी कोणाचंही नवं आत नसताना. ते मला बघवणार नाही.

दामिनी आज शहापूरला आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिला मी शिकाऊ विमानावर उडवायला शिकवलं. ती उतरवायची तेव्हा चाकं टेकलेली कळायची नाहीत. भांडणानंतर बापाने तिला माझ्या पडवीत पाय ठेवायचा नाही असं सांगितलं आणि तिने ते ऐकलं, चांगली मुलगी आहे. मागच्या होळीला एसटी थांब्यावर भेटली तेव्हा म्हणाली, 'काका, भांडता तुमी दोघं, आनि जमिनीवर बसलेय मी.'  हे कलम म्हणजे त्याचं उत्तर समजावं.

सूचना: माझ्या मरणानंतर पहिलं उड्डाण तिनेच करावं. सुरू करताना शेपटीच्या मागे कोणी उभं राहू नये. बाजूला एक माणूस अग्निशामक घेऊन उभा असलाच पाहिजे, आणि तो माणूस न पळणारा हवा. उड्डाणाआधी भाषण, सत्कार, नारळ काहीही नको.

कलम ९. माझा भाऊ नवसू यास मी माझ्या स्थावर-जंगम मिळकतीतून काहीही देत नाही. खिळा नाही, स्क्रू नाही, पांगाऱ्याची ढलपी नाही.

वकिलांनी सांगितलं की साक्षीदार असा घ्यावा ज्याला मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही. अख्ख्या वैशाखऱ्यात असा पक्का माणूस मी वर स्वतः तयार करून ठेवला आहे. सबब एक साक्षीदार म्हणून नवसूला बोलवावं, असं मी सकुबाईला सांगितलं. ती म्हणाली, 'चार वर्सांनी बोलवायचं तं सही करायला?' मी म्हटलं, हो. ती लगेच गेली. चप्पलसुद्धा घातली नाही.

पुरवणी. वरील मजकूर पुरा झाल्यावर आज सकाळी नवसू आला. साक्षीदाराने मृत्युपत्र वाचायची गरज नसते, हे वकिलांनी त्याला सांगितलं. 'वाचल्याबिगर मी सही करनार नाय,' म्हणाला, आणि सकुबाईचा चष्मा लावून ओट्यावर बसून पहिल्यापासून वाचायला लागला. सहाव्या कलमाशी थांबला.

'दादा, हे खोटं लिवलंस.'

'कोणतं?'

'नव्यानं पडलं हे. त्ये मी मरेपर्यंत मानायचा नाय.'

'मानू नकोस. सही कर.'

पुढे वाचत राहिला. आठव्या कलमावर फार वेळ होता. मग कागद मांडीवर ठेवून माझ्या हातांकडे बघायला लागला. मी ते धोतरात घेतले.

'कदीपासनं रं हे?'

'दोन वर्षं.'

'आनि मला कोनी सांगितलं नाय.'

मी म्हटलं, बांधापलीकडे आवाज जात नाही.  त्याने सही केली आणि सहीखाली आणखी दोन ओळी लिहिल्या. साक्षीदाराला मजकूर घालता येत नाही, असं म्हणून वकील त्या खोडायला निघाले. मी खोडू दिल्या नाहीत. मृत्युपत्र माझं आहे आणि त्यातलं काय राहील ते मी ठरवीन.

ठिकाण: वैशाखरे, तालुका मुरबाड
दिनांक: १९ मार्च २००९

मृत्युपत्र करणार:
(सही) दामोदर कोंडू हरड

आम्हा दोघांच्या समक्ष वरील सही झाली:

साक्षीदार पहिली: (सही) गीताबाई धर्मा भांगरे, अंगणवाडी सेविका, वैशाखरे

साक्षीदार दुसरा: (सही) नवसू कोंडू हरड, शेतकरी, वैशाखरे
सहावं कलम मला मान्य नाय. बांध उद्या काढतो.
इमान दादा मरायच्या आदी उडवायचं.