दहा बाटल्या, एक चहा

अड्याळ, मंगळवार, १२ डिसेंबर

आज नीट हिशेब केला. एका चहाच्या बदल्यात पोरांनी आणलेल्या दहा रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या भंगारात विकून जे येतं, त्यात अर्धाच कप चहा होतो. उरलेला अर्धा माझ्या पदरचा. कॉलेजच्या कँटीनला हे परवडत नाही, पण मला परवडलं. शांता गेल्यापासून घरात भांडायलाही बायको नाही. इथं चार वाजता बाकं भरतात. पोरं बाटल्या पायाखाली चेपतात आणि मी पाठमोरा चहा गाळताना त्या कडकड आवाजावरून दहा मोजतो. कधी चुकलो नाही.

काल प्राचार्यांना सांगूनही बसलो, "सर, चाय तं बहाना आहे. पोरं माह्याशी बोलाले येतात."

आज दूधच आलं नाही. बीएची प्रणाली मैत्रिणीला घेऊन आली, हातात बाटल्यांची पिशवी.

"काकाजी, चाय?"

"दूध नाही वो. बसा न, गोष्टी करू."

"मंग उद्याच येतो आमी."

भरली पिशवी परत घेऊन गेल्या. दाराबाहेर प्रणाली हळूच म्हणाली, "वाचलो बाप्पा. हातठेल्याची गोष्ट पुन्हा आयका लागली असती."

ठेल्यापासून कँटीनपर्यंत कसा आलो, ते किती वेळा सांगितलं असेल मी? रागानं नाही बोलली पोरगी. तेच जास्त लागलं. कान एवढे तिखट कायले दिले देवानं?

पाचपर्यंत कडकड ऐकू आली नाही. मग माझी पाण्याची बाटली संपवली आणि पायाखाली चेपली. आज पोत्यात तेवढी एकच आहे.