बाटलीतला बर्फ

आई,
इथूनच तुझ्या पाया पडतो. मी बरा आहे. दोन-दोन मोजे घालून राहिलो, जेवण गरम भेटते. धानाची मळणी झाली का?

गारा वितळवून ठेवलेलं औषधाचं पाणी यंदा संपलं, बाबाच्या कपाळाले काय लावू, असं फोनवर म्हटलं होतं तू. म्हणून इथला बर्फ पाठवून राहिलो. कोणाचा पाय पडला नव्हता अशा जागचा, सकाळी, न बोलता वेचला, तू गारा वेचते तसाच. डबा गच्च भरला होता, वितळून इतकंसंच पाणी झालं.

भंडाऱ्याचा कवडू माझ्याच संगं इथं पहाडात रस्त्याच्या कामावर आहे. तो ह्या पाण्याची बाटली धंतोलीच्या दवाखान्यात, बाबाजवळ, तुले आणून देईल. जमिनीवर टेकवू नको म्हटलं त्याले. हसला नाही तो.

ज्यानं वेचलं त्यानंच लावावं, हे मले माहीत आहे वं. पण सुट्टीत कवडूचा नंबर लागला, माझा नाही. घरी खुंटीवर माझा निळा शर्ट आहे, तो अंगात घालून तू लाव. पाण्याले वाटेल, माझाच हात आहे.

बाबा डोळे उघडून नाही राहिले म्हणते ना तू? मग त्यायलेही तसंच वाटू दे.

तुझा,
धर्मेंद्र