न धुतलेले एखादे वस्त्र

दिनांक ११, मंगळवार

चि. ठकूस वडिलांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे, असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिले. नळाला पाणी येते. शेजारच्या शिंपीणबाई तुझी चौकशी करतात.

पतंगांवरचा तुझा लेख आमच्या जुन्या साहेबांनी चौथी शिकलेल्यास कळेल अशा मराठीत मला सांगितला. वास पकडणारी जी प्रथिने पतंगाच्या मिशांत असतात, ती मादीच्या अंडी घालण्याच्या अवयवातही सापडतात. त्यायोगे ती पान हुंगून, आपल्या अळ्या कोठे जगतील ते ठरवते. असला विषय चारचौघांत काढू नये, हे माझे मत, त्यावरून तू घर सोडलेस तरी, कायम आहे. मात्र काम चोख आहे. प्रयोगशाळेच्या पतंगखोलीत मी उभा जन्म काढला. एवढे म्हणण्याचा मला अधिकार आहे.

तुझ्या आईस आता माणसे ओळखू येत नाहीत. तुझी जुनी शाल नाकाशी धरली, की मात्र ती "ठकू आली वाटतं" म्हणे आणि चार घास खाई.

शाल मळली होती. गेल्या आठवड्यात मी ती पतंगखोलीच्या नियमाने सोड्यात उकळून, बिनवासाच्या साबणाने धुतली. बाहेरचा वास आत गेला की पतंग बिथरत. म्हणून वासाचा लवलेश ठेवायचा नाही, हे हातांत मुरलेले.

तिने शाल हुंगली आणि भिरकावली. "ही कुणाची? न्या इथून!" तेव्हापासून घासाला तोंड उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आता फार ओढाताण करू नका."

काल मी घास पुढे केला, तर म्हणाली, "अहो, तुम्ही कोण? तुम्हाला तर वासच नाही!" शिंपीणबाईंना हसू आले. मीही हसलो. माझ्या नोकरीपायी तिने जन्मात केसांत फूल माळले नाही.

तरी तुझे अंगावरचे एखादे वस्त्र, न धुता, पाठवावे. ते पोहोचेपर्यंत त्याचा उपयोग राहील, असे मी म्हणत नाही. तू येणार नाहीस, हे जाणतो; आग्रहही नाही. परंतु नियम सांगून ठेवणे माझे काम आहे. आलीसच, तर हातपाय न धुता, प्रवासाच्या कपड्यांनिशी थेट तिच्या खाटेपाशी जावे. मी काही म्हणणार नाही.

वास नसलेला,
तुझा बाप